मुंबईत आपण भाडं कशाचं भरतो

सांगलीच्या एका ताईंचा प्रश्न आहे. वय ३१, हिशेब आणि जीएसटीच्या कामाचा आठ वर्षांचा अनुभव. त्यांचा पगार ३६ हजार, यजमानांचा ३८ हजार, घर सासऱ्यांचं, मुलगी साडेतीन वर्षांची. बीकेसीतल्या, म्हणजे वांद्रे-कुर्ला संकुलातल्या, एका कंपनीने त्यांना हातात ८५ हजारांची नोकरी देऊ केली आहे. यजमानांनाही मुंबईत काम मिळेल, पण काही महिने लागतील. सासरे म्हणतात, मुंबईत पैसा येतो तसाच जातो. एवढ्या महाग शहरात जाण्यात अर्थ आहे का, असं त्या विचारतात.

मी १७ वर्षं एका सहकारी बँकेच्या गृहकर्ज विभागात काढली आणि गेली ११ वर्षं दादरला बसून कुटुंबांना पैशाचं नियोजन करून देते. हा प्रश्न घेऊन दर आठवड्याला कुणी ना कुणी माझ्यासमोर बसतं. कधी साताऱ्याचं जोडपं असतं, कधी नांदेडचा मुलगा, कधी वीस वर्षं मुंबईत काढून आता परत जावं का असं विचारणारे कुडाळचे काका.

ताई, सासऱ्यांच्या म्हणण्यापासून सुरुवात करते, कारण हिशेबाने ते जवळजवळ बरोबर आहेत. आज तुमच्या घरात ७४ हजार येतात. भाडं नाही, मुलीला आजी-आजोबा सांभाळतात, ऑफिस दहा मिनिटांवर. खर्च ३४ हजार धरला तर महिन्याला ४० हजार शिल्लक राहतात. मुंबईत तुमचे ८५ आणि पुढे यजमानांचे ४० धरू, म्हणजे सव्वा लाख. आता खर्च मांडा. भांडुप-मुलुंडकडे साधा वन बीएचके साधारण २८ हजार, पाळणाघर आणि बालवाडी मिळून १० हजार, किराणा, दूध, भाजी १४ हजार, लाइट, गॅस, मोबाइल, इंटरनेट ४ हजार, भांड्या-लादीच्या मावशी साडेतीन, येणंजाणं ४, विमा आणि औषधं ४, सांगलीच्या फेऱ्यांचे ३ हजार, आणि कुठेच न बसणारा किरकोळ खर्च साडेचार. झाले ७५ हजार. हाती राहिले ५०.

म्हणजे सगळं सुरळीत झालं तरी सांगलीपेक्षा महिन्याला दहाच हजार जास्त. यजमानांना काम मिळेपर्यंत तर तुमच्या ८५ मधून दहाच हजार उरतील, आणि त्या काळात सांगलीपेक्षा तीस हजारांनी मागे असाल. ३६ चे ८५ झाले म्हणून आपण दुपटीहून श्रीमंत होणार, असं समजून कुणी येत असेल तर मी त्याला थांबवते. नुसत्या दहा हजारांसाठी मुलीला आजीपासून ४०० किलोमीटर लांब नेऊ नका.

तरीही तुमच्या बाबतीत माझं मत यावं असंच आहे. त्याचं कारण तुम्ही लिहिलेल्या आकड्यांत नाही.

मी लालबागच्या चाळीत वाढले. दहा बाय बाराची खोली, पागडीची. वडील कापडगिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर. १८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला तेव्हा मी दहावीत होते. अडीच लाखांच्या आसपास कामगार त्या संपात होते. सुरुवातीला सगळे म्हणत, दोन-तीन महिन्यांत मिटेल. तो रीतसर मिटलाच नाही. आमच्या मजल्यावरची निम्मी बिऱ्हाडं वर्षभरात कोकणात किंवा घाटावर परत गेली. वडिलांना दुसरं काम येत नव्हतं आणि त्यांचं काम मागणारी दुसरी जागा उरली नव्हती, कारण एकाच वेळी जवळजवळ सगळ्याच गिरण्या थंडावल्या होत्या.

आम्ही राहिलो ते आईमुळे. ती खोलीतच खानावळ चालवायची. अकरा मेंबर होते, सगळे गिरणीतले, गावाकडे बायकामुलं ठेवून आलेले. संपाने तेही गेले. गिरणगावातल्या अशा खानावळवाल्या बायकांसाठी प्रेमाताई पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ सुरू केलं होतं आणि त्यांना बँकांकडून कर्जं मिळवून दिली होती. आईने ओळखीने त्यातलं थोडं कर्ज घेतलं, चार मोठी पातेली घेतली आणि फोर्टातल्या एका ऑफिसला डबे द्यायला सुरुवात केली. पहाटे साडेतीनला तिचा स्टो पेटायचा. पोळ्या लाटता लाटता ती माझ्याकडून सनावळ्या म्हणून घ्यायची आणि चुकलं की लाटणं पोळपाटावर आपटायची. त्या डब्यांवर आम्ही दोघी बहिणी शिकलो.

चाळीस वर्षांनी मागे वळून बघते तेव्हा मला या दोन माणसांमध्ये तुमचं उत्तर दिसतं. वडिलांनी मुंबईचे सगळे त्रास सोसले, पण त्यांच्या हाताला ओळखणारं दार एकच होतं. आईचं कसब लालबागेत संपलं तेव्हा सहा-सात किलोमीटरवर ते विकत घेणारं दुसरं कुणी होतं. मुंबईत भाडं भरतो ते या दुसऱ्या दारासाठी. पहिली नोकरी सांगलीतही मिळते. पहिली गेली, किंवा तिथला साहेब नको झाला, किंवा त्याच पगारावर सात वर्षं अडकलो, तर गाव न सोडता, मुलीची शाळा न बदलता दुसरी मिळते का, हे बघायचं.

म्हणून एक काम करा. कागदाच्या एका बाजूला सांगली-मिरज-कोल्हापुरात तुमच्या कामाला आजच्यापेक्षा जास्त पगार देऊ शकतील अशा जागा लिहा. दुसऱ्या बाजूला मुंबईतल्या. जीएसटी, ऑडिट, हिशेबाच्या माणसाला बीकेसी, फोर्ट, लोअर परळ, अंधेरी, विक्रोळी, ऐरोली, ठाणे इथे मिळून यादी संपणार नाही. सांगलीच्या बाजूला पाच नावांवर पेन अडलं तर तुम्हाला यायला हवं. माझ्याकडे येणाऱ्या हिशेबनिसांचा अनुभव असा की खरी वाढ दुसऱ्या आणि तिसऱ्या नोकरीत होते. पहिली फक्त शहरात शिरण्याचं तिकीट असते. आज दहा हजारांचा फरक आहे. पाच वर्षांनी तो किती असेल, हे या यादीच्या लांबीवर ठरतं.

हाच कागद काही जणांना घरी थांबायला सांगतो, आणि मी तसं स्पष्ट सांगते. ज्यांचा पगार सरकारी श्रेणीने ठरतो, ज्यांची स्वतःची प्रॅक्टिस किंवा दुकान गावात जमलंय, ज्यांचं काम घरून चालतं, ज्यांच्या घरी अंथरुणाला खिळलेलं माणूस आहे, त्यांनी केवळ मुंबई म्हणून येऊ नये. मागच्या वर्षी अनुदानित शाळेतल्या एका शिक्षकांना मी बदली घेऊ नका म्हणून सांगितलं. पगार तोच, घरभाडे भत्ता थोडा वाढणार आणि तो नुसता डिपॉझिटवरच संपणार. ते नाराज झाले, पण आकडे तेच सांगत होते.

आता यायचं ठरलंच तर घर कुठे घ्यायचं? इथे लोक सर्वांत मोठी चूक करतात आणि ती सुधारायला वर्षं जातात. बहुतेक जण भाडं बघून जागा निवडतात. डोंबिवलीत १४ हजारांत वन बीएचके मिळतो, भांडुपला त्यालाच २८, म्हणजे १४ हजार वाचले. कागदावर हे खरं आहे. पण घड्याळ लावून बघा. भांडुपहून स्लो लोकलने कुर्ला वीसेक मिनिटं, पुढे शेअर रिक्षा किंवा बस. दारापासून ऑफिसच्या खुर्चीपर्यंत ५५ मिनिटं. डोंबिवलीहून तेच पावणेदोन तास. एका बाजूने ५० मिनिटं जास्त, दिवसाला १०० मिनिटं, महिन्याचे २४ दिवस धरले तर ४० तास. ४० तास म्हणजे ऑफिसचा अख्खा आठवडा. वाचलेले १४ हजार या ४० तासांनी भागा, तासाला ३५० रुपये येतात. तुमचा पगार दिवसाचे आठ तास धरून भागला तर तासाला ४४० च्या वर जातो. म्हणजे स्वतःचा वेळ तुम्ही पगारापेक्षा स्वस्त दराने विकलात, आणि तोही संध्याकाळचा वेळ, मुलगी जागी असतानाचा. पाळणाघर साडेसातला बंद होतं आणि उशिराचे पैसे वेगळे लागतात, हे तर मी अजून धरलेलंच नाही.

त्या ४० तासांत काय असतं तेही सांगते, कारण बारा वर्षं मी ते केलं आहे. लग्नानंतर आम्ही डोंबिवलीला होतो. सकाळी ७.५२ च्या गाडीला जागा मिळावी म्हणून आम्ही काही जणी आधी उलट कल्याणला जायचो आणि तिथून बसून यायचो. त्याला रिटर्न येणं म्हणतात, त्यात अर्धा तास जातो. बायकांच्या डब्यात शिरताना बॅग पोटाशी, ओढणीला पिन, केस घट्ट बांधलेले. आत गेल्यावर पहिला शब्द "कुठे?" बसलेली सांगते, "ठाणे." मग ठाण्याला ती उतरली की सीट तुमची, तुमच्यामागची तुम्हाला "कुठे?" विचारणार. तिघींच्या बाकावरची चौथी सीट मिळाली तरी नशीब समजायचं. परतीला कुणी गवार मोडायची, कुणी मेथी निवडायची. त्या डब्यातल्या मैत्रिणी माझ्या आजही मैत्रिणी आहेत, बाळंतपणाच्या रजेत त्यांनी मला डबे पाठवले. ते प्रेम खरं आहे. पण त्या प्रेमाखातर कुणी रोजचे साडेतीन तास द्यावेत असं मी म्हणणार नाही. माझ्या मुलाचं पहिलीचं वर्ष मला आठवत नाही, कारण मी घरी पोचायचे तेव्हा तो झोपलेला असायचा.

आणि हा प्रवास धोक्याचाही आहे. मुंबईच्या रेल्वेमार्गांवर दरवर्षी दोन हजारांहून जास्त माणसं मरतात. रूळ ओलांडताना बरीच, गाडीतून पडूनही पुष्कळ. जून २०२५ मध्ये मुंब्र्याच्या वळणावर दारात लटकणारे प्रवासी पडून मेले, ती सकाळची कामावर जाण्याची वेळ होती. दोन स्टेशनं अलीकडचं घर घेण्यासाठी जास्तीचे दोन-चार हजार मोजायला मी का सांगते, ते यावरून समजेल.

बीकेसीसाठी शीव, चुनाभट्टी, चेंबूर, घाटकोपर, विक्रोळी, भांडुप हा पट्टा बघा. शीव आणि चेंबूर तुमच्या आकड्यांना जड जातील. मुलुंड हे शेवटचं टोक समजा. ऑक्टोबर २०२५ पासून मेट्रो ३ आरेपासून कफ परेडपर्यंत पूर्ण सुरू आहे आणि बीकेसीला तिचं स्टेशन आहे, म्हणून मरोळ बाजूलाही नजर टाका. घाटकोपरहून मेट्रो १ ने मरोळ नाका आणि तिथे बदलून बीकेसी असाही रस्ता आता आहे. पावसाळ्यात कुर्ल्याच्या रिक्षाच्या रांगेत उभं राहण्यापेक्षा तो बरा पडतो, पैसे थोडे जास्त जातात. बसचं सांगायचं तर बेस्टचं किमान भाडं मे २०२५ मध्ये ५ रुपयांवरून १० झालं. तरीही रोजच्या प्रवासाचा खर्च हा मुंबईतल्या लहान खर्चांतला आहे, लोकलचा सेकंड क्लासचा महिन्याचा पास आजही रिक्षाच्या दोन-चार फेऱ्यांत बसतो. म्हणून घर ठरवताना प्रवासाचे पैसे मोजू नका, मिनिटं मोजा.

शिरण्याचा खर्च एकरकमी लागतो आणि तिथे लोक गडबडतात. २८ हजारांच्या घराला डिपॉझिट लाखभर, कुठे दीड लाख. एजंटचं एक महिन्याचं भाडं. पहिल्या महिन्याचं भाडं आगाऊ. सांगलीहून टेम्पो, पंखे, गिझर, पडदे. किमान दोन लाख वेगळे काढल्याशिवाय निघू नका, आणि त्याशिवाय यजमानांना काम मिळेपर्यंतचा तीन महिन्यांचा खर्च.

करार साधारण ११ महिन्यांचा असतो, लिव्ह अँड लायसन्स. तो नोंदवायलाच हवा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे ही जबाबदारी घरमालकाची आहे. नोंदणी घरबसल्या होते, माणूस अंगठ्याचं मशीन घेऊन घरी येतो. मुद्रांक शुल्क एकूण भाड्याच्या पाव टक्का, डिपॉझिटवरचं १० टक्के व्याज धरून. तुमच्या करारावर ते आठशेच्या आसपास येईल. नोंदणी फी एक हजार. म्हणजे सरकारी खर्च दोन हजारांच्या आत. कुणी या कामाचे आठ-दहा हजार मागितले तर बाकीचे कशाचे, ते विचारा. एजंट नॉनव्हेजबद्दल आधी विचारेल. तुमच्या घरी मासे-मटण होत असेल तर तिथेच स्वच्छ सांगा. लपवून घेतलेलं घर अकरा महिने छातीवर बसतं. दोन घरं जातील, तिसरं मिळेल. आपल्याच शहरात हे ऐकावं लागतं याचा मला आजही संताप येतो.

हेवी डिपॉझिटच्या वाटेला मात्र जाऊ नका. म्हणजे दहा-पंधरा लाख एकदम द्यायचे आणि भाडं नाही किंवा नाममात्र. ऐकायला गोड लागतं. बँकेत असताना सरफेसी कायद्याखाली थकलेल्या कर्जाच्या घराचा ताबा घ्यायला मी अधिकाऱ्यांबरोबर गेले होते. दार एका तरुण मुलीने उघडलं, कडेवर बाळ, गॅसवर कुकर. ती मालकीण नव्हती, भाडेकरू होती. गावची जमीन विकून आलेले बारा लाख तिच्या नवऱ्याने मालकाला हेवी डिपॉझिट म्हणून दिले होते आणि मालकाने घर आधीच बँकेकडे गहाण टाकलं होतं. कागदपत्रं वाचली जात असताना कुकरच्या शिट्ट्या होत राहिल्या, गॅस बंद करायचंही तिला सुचलं नाही. शेवटी मी आत जाऊन बंद केला. त्यांचे बारा लाख परत मिळाल्याचं मी कधी ऐकलं नाही.

घर विकत घेण्याचं काय? सांगलीहून सगळे हेच विचारणार, किती दिवस भाडं भरणार म्हणून. माझं म्हणणं, पहिली तीन वर्षं हा विषय काढूच नका. ज्या घराचं भाडं २८ हजार आहे ते विकत घ्यायला आज सव्वा कोटीच्या आसपास लागतात. सोयीसाठी १ कोटी २० लाख धरा. वर्षाचं भाडं तीन लाख ३६ हजार, म्हणजे किमतीच्या पावणेतीन-तीन टक्के. रिझर्व्ह बँकेच्या नियमाने ७५ लाखांवरच्या कर्जाला घराच्या किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंतच कर्ज मिळतं. म्हणजे ३० लाख तुमचे, वर ६ टक्के मुद्रांक शुल्काचे सात लाख वीस हजार आणि नोंदणीचे ३० हजार. घर फक्त बाईच्या नावावर असेल तर शुल्कात १ टक्का सवलत आहे, ती लक्षात ठेवा. राहिलेल्या ९० लाखांचा हप्ता साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षांसाठी ७८ हजार. त्याच भिंती, तेच नळाचं पाणी, एकीकडे २८ हजार आणि दुसरीकडे ७८. मधले ५० हजार हीच तुमची सगळी शिल्लक आहे.

यातून पळवाट म्हणून माणसं लांब जाऊन घर घेतात. नोकरी बीकेसीला आणि फ्लॅट बदलापूर किंवा विरारला. स्वतःचं घर झालं याचा आनंद मी कमी लेखत नाही, गृहप्रवेशाच्या पूजेला मी पुष्कळदा गेले आहे. पण त्या घराने तुमचं दुसरं दार लांब ढकललं. आता अंधेरीची चांगली नोकरी आली तर तुम्ही ती घेणार नाही, कारण प्रवास झेपणार नाही. ज्यासाठी महाग शहरात आलो तेच हातातून गेलं. म्हणून माझ्याकडे येणाऱ्या तरुण जोडप्यांना मी सांगते, लांब विकत घेण्यापेक्षा जवळ भाड्याने राहा. हप्ता भरावा तशी दर महिन्याला शिल्लक टाकायची शिस्त मात्र ठेवा, नाहीतर माझा सगळा हिशेब कोलमडतो. महिन्याला ५० मधले ४० हजार पगाराच्या दिवशीच खात्यातून गेले पाहिजेत, त्यातले काही सांगलीच्याच बँकेत आवर्ती ठेवीत राहिले तरी चालतील. तीन वर्षांनी दोघांच्या नोकऱ्या कुठे स्थिरावल्या ते बघून जागा शोधा. तेव्हाही शक्यतो ओसी, म्हणजे राहायला परवानगी देणारा दाखला, मिळालेली इमारत. बांधकाम चालू असलेल्या इमारतीत घेणार असाल तर महारेराच्या, म्हणजे बांधकाम प्रकल्पांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी प्राधिकरणाच्या, संकेतस्थळावर प्रकल्पाची नोंद, ताब्याची तारीख आणि चालू तक्रारी वाचल्याशिवाय टोकन देऊ नका. भाडं आणि हप्ता दोन्ही सहा-सहा वर्षं भरणारी कुटुंबं मी पाहिली आहेत. म्हाडाच्या सोडतीचा अर्ज मात्र दरवेळी भरा, त्यासाठी डोमिसाइल दाखला आत्ताच काढून ठेवा.

कराबद्दल एकच. तुमचा वर्षाचा पगार नव्या करप्रणालीत १२ लाख ७५ हजारांच्या आत बसत असेल तर २०२५-२६ पासून पगारदारांना त्यावर कर नाही, त्यामुळे भाड्याच्या पावत्यांवरून घरभाडे भत्त्याची वजावट वगैरे डोक्याला लावून घेऊ नका. पुढे पगार वाढला की दोन्ही प्रणालींची तुलना करा.

पैशात न बसणाऱ्या गोष्टींत दोन मला मोठ्या वाटतात. एक दवाखाना. परळच्या एका भागात केईएम, टाटा आणि वाडिया उभी आहेत. देशभरातून माणसं तिथे येतात आणि बाहेरच्या फुटपाथवर झोपतात. तुम्ही लोकलने जाऊन संध्याकाळी घरी परत येऊ शकता. वडिलांच्या शेवटच्या दोन वर्षांत ही सोय किती मोठी होती ते मी अनुभवलं आहे. दुसरी, रात्री साडेनऊला बाईने एकटीने घरी येणं. बायकांच्या डब्यात गर्दी असते, स्टेशनबाहेर भाजीवाली बसलेली असते, कुणी वळून बघत नाही. माझ्या बहिणीने नाशिकहून मुलीला इथे पाठवलं ते एवढ्याच कारणासाठी. बाकी शिवाजी मंदिर, दीनानाथ, गडकरी रंगायतन सगळं आहे, पण आठवड्याचे सहा दिवस दमलेली माणसं सातव्या दिवशी रेल्वेच्या दुरुस्तीच्या मेगाब्लॉकमध्ये नाटकाला जात नाहीत. घर जवळ असेल तर जातात.

तोट्याची बाजूही खरी आहे. सासू-सासरे राहायला आले की वन बीएचकेत चौथ्या दिवशी सगळ्यांनाच अवघडायला होईल. मुलीला अंगण नसेल, इमारतीखाली गाड्या लागलेल्या असतील. पाऊस आला की ऑफिसमधून निघायचं की थांबायचं हा निर्णय घ्यावा लागेल. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, ती रात्र मी शाखेतल्या खुर्चीवर काढली आणि घरी फोन लागत नव्हता. बीकेसी मिठी नदीला लागूनच आहे हे विसरू नका. पाळणाघर घराजवळ हवं, ऑफिसजवळ नव्हे, आणि शेजारची एक तरी बाई अशी जोडून ठेवा की जी तुमचा फोन आला की मुलीला घेऊन येईल. पहिल्या महिन्यात एवढं एक नातं जोडलंत तरी पुष्कळ. सांगलीला जायला महालक्ष्मी एक्सप्रेस आहे, रात्री बसलं की सकाळी घर. दोन महिन्यांतून एक फेरी मी खर्चात धरली आहे, ती वाचवू नका. सासऱ्यांना सांगा, तीन वर्षांनी कागद पुन्हा मांडू. तोवर एकाचीही दुसरी नोकरी झाली नाही आणि शिल्लक सांगलीपेक्षा कमीच राहिली, तर सामान बांधायचं. परत जाण्यात कमीपणा नाही. तुमचं घर तिथे आहे, ही फार थोड्यांकडे असलेली गोष्ट आहे.

होकार कळवण्याआधी तीन दिवस रजा काढून या, जमल्यास पावसाळ्यात. कुणा नातेवाइकांकडे उतरा. सकाळी साडेआठला भांडुपच्या फलाटावर उभ्या राहा, कुर्ल्याला उतरा, ऑफिसच्या दारापर्यंत जा आणि घड्याळ बघा. संध्याकाळी साडेसहाला तेच उलट करा. घर बघायला दुपारी जाऊ नका, संध्याकाळी जा, तेव्हा उजेड, डास आणि शेजार तिन्ही कळतात. एजंटसमोरच स्वयंपाकघरातला नळ उघडा आणि पाणी किती वाजता येतं, किती वेळ येतं ते त्याला न विचारता खालच्या वॉचमनला विचारा. यजमानांनाही बरोबर आणा, गर्दीच्या वेळी त्यांनीही जेन्ट्सच्या डब्यातून एकदा तो प्रवास केलेला असावा.